सी मध्ये सॉफ्टवेअर टायमर: ड्रिप कंट्रोलर बनवता बनवता, पायरी पायरीने

नाशिककडची एम्बेडेड शिकणारी पोरं पहिला खरा प्रोजेक्ट घेतात तो बऱ्याचदा शेतीचाच असतो, कारण घरी नाहीतर मामाकडं निफाड, दिंडोरी, पिंपळगाव साइडला बाग असतेच आणि बागेत ड्रिप असतंच. पंप ऑटोमॅटिक सुरू व्हायला पाहिजे, चार प्लॉटचे चार व्हॉल्व्ह पाळीपाळीने उघडायला पाहिजेत, झालं काम. बोर्ड आणला, रिले लावले, कोड लिहिला, आणि कोडमध्ये सगळीकडं डिले. एलईडी लुकलुकवायला शिकलो तेव्हा डिले शिकलो आणि मग तोच डिले ४५ मिनिटं पाणी सोडायला पण वापरला.

आता त्या कंट्रोलरला खरं काय काय करायचंय बघा. लाइट आली की लगेच पंप टाकायचा नाही, कारण त्या डीपीवरचे सगळे ऑटो स्विच एकाच सेकंदाला स्टार्टर ओढतात आणि व्होल्टेज बसतं, म्हणून थोडं थांबून, प्रत्येकाने वेगवेगळं थांबून पंप टाकायचा. एकेक व्हॉल्व्ह ४५ मिनिटं. विहिरीचं पाणी तुटलं आणि मोटरचा करंट पडला तर ८ सेकंद वाट बघून पंप बंद, नाहीतर ड्राय रनने मोटर जळते. बटण दाबलं तर ३० मिलिसेकंदांचा डिबाउन्स, म्हणजे बटणाचा संपर्क थरथरून स्थिर होईपर्यंत थांबणं. एलईडी अर्ध्या सेकंदाला लुकलुक. वरून जीएसएम मॉड्यूल असलं तर त्याच्या उत्तराची वाट. हे सगळं एकाच वेळी. ४५ मिनिटांच्या डिलेत अडकलेला प्रोसेसर बटण बघत नाही, करंट बघत नाही, काहीच बघत नाही. डिले वाईट नाही, एखाद्या सेन्सरला सुरुवातीला ५ मिलिसेकंद द्यायचे असतील तर खुशाल वापरा, पण त्यापलीकडं मेन लूपमध्ये डिले दिसला की मी तरी कोड परत पाठवतो.

उपाय एकच आहे आणि तो सोपा आहे. हार्डवेअर टायमर एकच लावायचा, त्याने फक्त एक आकडा वाढवत राहायचं, आणि बाकी पाच-पन्नास टायमर म्हणजे त्या आकड्याची वजाबाकी. भिंतीवर घड्याळ एकच असतं, घरातली पाच माणसं त्याच्याकडं बघून आपापली पाच कामं करतात, तसं. पण ती वजाबाकी कशी लिहायची यातच सगळी गंमत आहे आणि बहुतेक बग पण तिथंच राहतात.

एक आधीच सांगतो, खाली कोड मी देवनागरीत मांडलाय म्हणजे काय चाललंय ते वाचताना कळेल. तुमच्या एडिटरमध्ये टाइप करताना सी चे नेहमीचे कीवर्ड आणि टाइप घाला, नावं तुमच्या आवडीची द्या. यूइंट३२ म्हणजे ३२ बिटचा अनसाइन्ड पूर्णांक, स्टँडर्ड इंट हेडरमधला.

पायरी १: टिक तयार करा

टिक म्हणजे ठरावीक वेळाने येणारा इंटरप्ट, आणि इंटरप्ट म्हणजे चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसरला एका छोट्या फंक्शनकडं वळवणारा हार्डवेअरचा इशारा. बहुतेक कामाला १ मिलिसेकंदाची टिक बरी पडते.

एटमेगा३२८पी, म्हणजे आर्डुइनो ऊनोवरची चिप, १६ मेगाहर्ट्झवर चालते. प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ६४ ठेवला की टायमरला सेकंदाला २,५०,००० ठोके मिळतात, म्हणजे १ मिलिसेकंदाला २५०. टायमर शून्यापासून मोजतो म्हणून कंपेअर रजिस्टरमध्ये २४९ टाकायचे, २५० नाही. मोड सीटीसी ठेवायचा, म्हणजे २४९ झाले की काउंटर आपोआप शून्यावर येतो. टायमर१ वापरा, कारण आर्डुइनोच्या लायब्ररीसोबत काम करत असाल तर टायमर० तिने मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन) साठी आधीच घेतलेला असतो. (मिलिस पण आतून हेच करतं, फक्त त्याचा इंटरप्ट १.०२४ मिलिसेकंदाने येतो आणि वरचा तुकडा ते साठवून साठवून भरून काढतं. आर्डुइनोवरच राहायचं असेल तर पुढं आत्ता() दिसेल तिथं मिलिस वापरा आणि थेट पायरी ३ ला जा, काही बिघडत नाही.)

एसटीएम३२एफ१०३ सारखी कॉर्टेक्स-एम३ चिप असेल तर सिसटिक नावाचा टायमर गाभ्यातच दिलेला असतो. ७२ मेगाहर्ट्झवर रीलोड व्हॅल्यू ७१,९९९. हा टायमर २४ बिटचा आहे, म्हणून ७२ मेगाहर्ट्झवर त्याच्याकडून एका दमात जास्तीत जास्त ०.२३ सेकंदच मोजून घेता येतात, पण आपल्याला १ मिलिसेकंदच पाहिजे त्यामुळं प्रश्न नाही.

आणि डिप्लोमाचं ८०५१ चं किट घेऊन बसला असाल तर त्यावर क्रिस्टल बहुतेक ११.०५९२ मेगाहर्ट्झचा असतो, सिरीयल पोर्टचे बॉड रेट नीट बसावेत म्हणून. त्याला १२ ने भागलं की सेकंदाला ९,२१,६०० ठोके, म्हणजे १ मिलिसेकंदाला ९२१.६, जे पूर्णांकात बसत नाही. तिथं टिक १० मिलिसेकंदांची घ्या, ९,२१६ ठोके बरोब्बर बसतात, १६ बिटच्या टायमरमध्ये रीलोड ६५,५३६ वजा ९,२१६ म्हणजे ५६,३२०. फक्त मोड १ मध्ये रीलोड आपोआप होत नाही, इंटरप्टमध्ये स्वतः भरावा लागतो, आणि भरेपर्यंत गेलेले काही ठोके दर वेळी वाया जातात हे धरून चाला.

इंटरप्टमध्ये काय लिहायचं, तर एवढंच:

व्होलाटाइल यूइंट३२ टिक = ०;

टायमर_इंटरप्ट() {
  टिक++;
}

बस. इथंच व्हॉल्व्ह बंद करू, इथंच एलसीडीवर लिहू, हा मोह सगळ्यांना होतो. नका करू. इंटरप्टमध्ये एलसीडीवर लिहायला लागलात की पुढची टिक चुकते, घड्याळ मागं पडतं, आणि मागं पडलं हे तुम्हाला कळत पण नाही कारण मोजणाराच आजारी आहे.

व्होलाटाइल का, तर मेन लूपमध्ये कंपायलरला हा आकडा कुठंच बदलताना दिसत नाही, मग ऑप्टिमायझेशन चालू असलं की तो एकदाच वाचून रजिस्टरमध्ये धरून ठेवतो आणि लूप तिथंच फिरत बसतो. ऑप्टिमायझेशन बंद असताना चालतंय आणि चालू केलं की हँग होतंय, असं झालं की आधी हा शब्द आहे का बघा.

पायरी २: टिक वाचताना मध्येच फाटू देऊ नका

हे ८ बिटवाल्यांसाठी. एटमेगा ३२ बिटचा आकडा एका घासात वाचू शकत नाही, चार बाइट चार वेळा वाचतो. समजा टिक २५५ आहे. खालचा बाइट वाचला, २५५ मिळाला. तेवढ्यात इंटरप्ट आला, टिक २५६ झाली, म्हणजे खालचा बाइट ० आणि त्याच्या वरचा १. परत येऊन वरचा बाइट वाचला तर मिळाला १. जोडून झाले ५११. खरी वेळ २५६ आणि तुमच्या हातात ५११. असं दिवसातनं किती वेळा होईल सांगता येत नाही, पण होणार नक्की, आणि टेबलावर टेस्ट करताना कधीच होणार नाही, बागेत होईल. म्हणून वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवायचे (सीएलआय ते करतं, आणि ते चालू होते की बंद हे एसआरईजी म्हणजे स्टेटस रजिस्टरमध्ये असतं):

यूइंट३२ आत्ता() {
  यूइंट३२ प्रत;
  यूइंट८ जुनं = एसआरईजी;
  सीएलआय();
  प्रत = टिक;
  एसआरईजी = जुनं;
  रिटर्न प्रत;
}

शेवटी सरळ इंटरप्ट चालू करून टाकायची कमांड न देता जुनं स्टेटस रजिस्टर परत का ठेवलं, तर हे फंक्शन कुणी इंटरप्ट आधीच बंद असताना बोलावलं तर आपण ते परस्पर चालू करून त्याचं काम बिघडवू नये म्हणून. एव्हीआर-लिबसी मध्ये ह्याच कामाचा ॲटॉमिक ब्लॉक नावाचा तयार मॅक्रो आहे, तो वापरला तरी चालेल. कॉर्टेक्स-एम३ वर ३२ बिटचा आकडा एकाच वेळी वाचला जातो, तिथं ह्या उठाठेवीची गरज नाही.

पायरी ३: वजाबाकी

इथं थोडं थांबून वाचा, कारण लेखातलं खरं काम इथंच आहे.

साधारणपणे मनात पहिलं येतं ते असं: आत्ताच्या वेळेत ४५ मिनिटं मिळवू, तो शेवट, आणि आत्ता शेवटाच्या पुढं गेलं की व्हॉल्व्ह बंद.

शेवट = आत्ता() + पाणी_वेळ;
इफ (आत्ता() >= शेवट) ...

हे चुकीचं आहे. ३२ बिटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग शून्यावर येतो. मिलिसेकंदाच्या हिशोबाने ह्याला ४९ दिवस, १७ तास आणि वर काही मिनिटं लागतात. काउंटर त्या टोकाजवळ असताना शेवट काढला तर बेरीज गुंडाळून छोटा आकडा होते, आत्ता त्याच्यापेक्षा मोठंच असतं, आणि व्हॉल्व्ह उघडल्या उघडल्या बंद. बरोबर असं लिहायचं:

इफ (आत्ता() - सुरुवात >= पाणी_वेळ) ...

दोन्ही सारखंच दिसतं की, शाळेच्या गणितात सारखंच आहे पण. सी मध्ये नाही. अनसाइन्ड वजाबाकी सी च्या नियमाप्रमाणे गुंडाळून होते, म्हणजे सुरुवात टोकाच्या १,००० आधी असेल आणि आत्ता शून्य ओलांडून ५०० वर असेल तरी वजाबाकीचं उत्तर १,५०० च येतं, उणे काही येत नाही. काउंटर कितीदा का फिरेना, दोन क्षणांमधलं अंतर बरोबर निघतं, फक्त ते अंतर ४९ दिवसांपेक्षा कमी पाहिजे. साइन्ड टाइप वापरलात तर ही खात्री जाते, कारण साइन्ड ओव्हरफ्लो झाला की काय व्हावं हे सी ने ठरवलेलंच नाही, कंपायलर वाटेल ते करू शकतो.

हा बग फक्त कॉलेजच्या पोरांचा नाही. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिलं तर हँग व्हायचं, कारण हेच, ३२ बिटचा मिलिसेकंद काउंटर. बोइंग ७८७ विमानाच्या जनरेटर कंट्रोलमध्ये सलग २४८ दिवस पॉवर राहिली तर जनरेटर बंद पडू शकतो हे लक्षात आलं आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, म्हणजे एफएए ने, त्यावर ठरावीक दिवसांत पॉवर बंद-चालू करायचा आदेश काढला. साइन्ड ३२ बिट काउंटरमध्ये सेकंदाचा शंभरावा भाग मोजला तर तो भरायला बरोबर साधारण २४८.५ दिवस लागतात, करून बघा.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे. गावात रोजच लाइट जाते, त्यामुळं कंट्रोलर रोजच रिसेट होतो, टिक परत शून्यापासून, आणि ४९ दिवस कधी पूर्णच होत नाहीत. चुकीचा कोड दोन-दोन सीझन निवांत चालतो. मग कुणीतरी म्हणतं बॅटरी लावून देऊ, सोलर लावून देऊ, म्हणजे कंट्रोलर बंदच पडायला नको, आणि दीड महिन्याने फोन येतो की काहीच बदललं नाही तरी व्हॉल्व्ह उलटेसुलटे चालतायत. लोडशेडिंगने झाकलेला बग बॅटरीने उघडा पाडला, दुसरं काही नाही.

मेमरी वाचवायला १६ बिटची टिक घेणारे पण असतात. ती ६५.५ सेकंदांत फिरते, डिबाउन्सला आणि एलईडीला पुरते, पाणी सोडायला नाही. आणि १६ बिट घेऊन ३२ बिटच्या चिपवर गेलात तर अजून एक खड्डा: तिथं दोन १६ बिटचे आकडे वजा करताना सी आधी त्यांना साध्या इंटमध्ये रुंद करतो, मग उत्तर खरंच उणे येतं आणि गुंडाळणं होतच नाही. उत्तराला परत यूइंट१६ मध्ये कास्ट करावं लागतं. एटमेगावर इंटच १६ बिटचा असल्यामुळं तोच कोड तिथं बिनकास्टचा चालत असतो, म्हणून पोर्ट करताना हमखास सापडतो.

पायरी ४: टायमरला एक स्ट्रक्ट द्या

स्ट्रक्ट टायमर {
  यूइंट३२ सुरुवात;
  यूइंट३२ कालावधी;
  बूल चालू;
  बूल पुन्हा;
};

व्हॉइड टायमर_लाव(टायमर *ट, यूइंट३२ किती) {
  ट->सुरुवात = आत्ता();
  ट->कालावधी = किती;
  ट->चालू = ट्रू;
}

बूल टायमर_संपला(टायमर *ट) {
  इफ (!ट->चालू) रिटर्न फॉल्स;
  इफ (आत्ता() - ट->सुरुवात < ट->कालावधी) रिटर्न फॉल्स;
  इफ (ट->पुन्हा) ट->सुरुवात += ट->कालावधी;
  एल्स ट->चालू = फॉल्स;
  रिटर्न ट्रू;
}

पुन्हा ट्रू असेल तर टायमर परत परत वाजतो, फॉल्स असेल तर एकदाच. टायमर संपल्याची खबर एकदाच मिळते हे महत्त्वाचं, नाहीतर व्हॉल्व्ह बंद करायची कमांड लूपच्या प्रत्येक फेरीला जात राहील.

परत लागणाऱ्या टायमरला सुरुवात = आत्ता न करता सुरुवात मध्ये कालावधी का मिळवला ते बघा. लूप ३ मिलिसेकंद उशिरा पोचला तर पहिल्या पद्धतीत ते ३ दर फेरीला साठत जातात, अर्ध्या सेकंदाचा टायमर दिवसभरात कुठल्या कुठं जातो. दुसऱ्या पद्धतीत उशीर होतो पण साठत नाही. तिचाही एक त्रास आहे: लूप जीएसएम मॉड्यूलच्या उत्तरासाठी ५ सेकंद अडकला तर अर्ध्या सेकंदाचा टायमर सुटल्यावर लागोपाठ १० वेळा वाजतो. एलईडीला काय फरक पडत नाही, पण तोच टायमर लिटर मोजत असेल तर पडतो. मागची थकबाकी नको असेल तर एक कालावधीपेक्षा जास्त मागं पडलंय का बघून तसं असल्यास सुरुवात = आत्ता करून टाका. कुठल्या टायमरला काय पाहिजे हे कामावर आहे, सगळ्यांना एकच नियम लावू नका.

कालावधी १ दिला तर १ मिलिसेकंद थांबेलच असं नाही, कारण टायमर लावला तेव्हा पुढची टिक अगदी तोंडावर असू शकते. किमान इतकं थांबलंच पाहिजे असं असेल तर एक टिक जास्त द्या. ४५ मिनिटांत कुणी विचारणार नाही, २ मिलिसेकंदांत विचारेल.

पायरी ५: व्हॉल्व्हची पाळी

सिक्वेन्सला चार टायमर लागत नाहीत. एक टायमर आणि अवस्था सांगणारं एक व्हेरिएबल पुरतं. आधी शेतातला नियम: चालू व्हॉल्व्ह बंद करून मग पुढचा उघडायचा नाही. मधल्या क्षणात पंप बंद लाइनीवर ढकलतो, प्रेशर चढतं आणि कुठंतरी सबमेनचा जॉइंट निसटतो. आधी पुढचा उघडायचा, १० सेकंद दोन्ही चालू, मग मागचा बंद.

केस पाणी_चालू:
  इफ (टायमर_संपला(&मुख्य)) {
    व्हॉल्व्ह_उघड(सध्याचा + १);
    टायमर_लाव(&मुख्य, १००००);
    अवस्था = ओव्हरलॅप;
  }
  ब्रेक;

केस ओव्हरलॅप:
  इफ (टायमर_संपला(&मुख्य)) {
    व्हॉल्व्ह_बंद(सध्याचा);
    सध्याचा++;
    टायमर_लाव(&मुख्य, पाणी_वेळ);
    अवस्था = पाणी_चालू;
  }
  ब्रेक;

शेवटच्या व्हॉल्व्हला वेगळी वाट काढा, तिथं आधी पंप बंद, मग काही सेकंदांनी व्हॉल्व्ह. आणि लाइट आल्यावर थांबायची अवस्था ह्या सगळ्याच्या आधी. तिचा कालावधी प्रत्येक कंट्रोलरला वेगळा द्या, शेजाऱ्याकडं पण तुमचाच कंट्रोलर असणार आहे.

ड्राय रन ह्याच्या बाहेर, वेगळ्या टायमरवर, लूपच्या प्रत्येक फेरीला तपासायचं. आणि इथंच एक चूक फार दिसते. करंट कमी दिसला की टायमर_लाव असं सरळ लिहितात. लूप तर सेकंदाला हजारो वेळा फिरतो, प्रत्येक फेरीला टायमर नव्याने लागतो, ८ सेकंद कधी पूर्णच होत नाहीत आणि मोटर कोरडी फिरत राहते. टायमर बंद असेल तरच लावायचा:

इफ (करंट < हद्द) {
  इफ (!कोरडा.चालू) टायमर_लाव(&कोरडा, ८०००);
} एल्स {
  कोरडा.चालू = फॉल्स;
}
इफ (टायमर_संपला(&कोरडा)) पंप_बंद();

पंप नुकताच टाकला असेल तेव्हा आणि बंद असेल तेव्हा ही तपासणी चालू ठेवायची नाही, हे तुम्ही घालालच.

आता पाणी_वेळ. ४५ * ६० * १००० असं लिहिलं, बरोबर दिसतंय, एटमेगावर चुकीचं आहे. तिथं इंट १६ बिटचा, गुणाकार इंटमध्येच होतो, डावीकडं ३२ बिटचं व्हेरिएबल आहे म्हणून काही फरक पडत नाही. २७,००,००० त्यात बसत नाही, गुंडाळून उरतात १३,०२४. म्हणजे ४५ मिनिटांऐवजी १३ सेकंदांत व्हॉल्व्ह बंद. पहिल्याच आकड्यापुढं यूएल लावा, ४५यूएल * ६० * १०००, गुणाकार सुरुवातीपासून ३२ बिटमध्ये होतो. कंपायलर ह्याची वॉर्निंग देतो, पण आकडे सगळे स्थिर असतील तरच. मिनिटं शेतकऱ्याने बटणाने सेट केलेल्या व्हेरिएबलमधून येत असतील तर तो गप्प राहतो.

लूप वेगवान करायच्या नादात काही जण फेरीच्या सुरुवातीला आत्ता एकदाच वाचून सगळ्या टायमरना तोच आकडा देतात. कल्पना चांगली आहे, पण फेरीच्या मधोमध एखादा टायमर ताज्या टिकेने लागला तर त्याची सुरुवात तुमच्या धरलेल्या आत्ता पेक्षा १ ने पुढं असते, वजाबाकी उणे १, अनसाइन्डमध्ये ती ४२९ कोटींच्या वर, आणि टायमर लागताक्षणी संपला. एकतर सगळीकडं धरलेलाच आकडा वापरा, लावताना पण, किंवा सगळीकडं ताजा. मिसळू नका.

वॉचडॉग (ठरावीक वेळात त्याला थोपटलं नाही तर चिप रिसेट करणारा टायमर) लावला असेल तर त्याला थोपटायचं काम मेन लूपमध्येच ठेवा. टायमर इंटरप्टमध्ये थोपटलं तर मेन लूप मेला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं.

फ्रीआरटीओएस (छोट्या चिपसाठीची रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आरटीओएस) वापरत असाल तर हे सगळं तयार मिळतं, एकदा वाजणारा आणि परत परत वाजणारा असे दोन्ही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की तिथले सगळे कॉलबॅक (टायमर संपल्यावर बोलावली जाणारी तुमची फंक्शनं) एकाच टायमर टास्कमध्ये चालतात, एका कॉलबॅकमध्ये थांबलात तर बाकी सगळे टायमर पण थांबतात. चार व्हॉल्व्हच्या कंट्रोलरला आरटीओएस मला तरी जास्त वाटतं.

पायरी ६: ४९ दिवस न थांबता टेस्ट

टिकेची सुरुवात शून्याऐवजी अशी करा:

व्होलाटाइल यूइंट३२ टिक = ० - १००००यूएल;

बोर्ड चालू केल्यावर १० सेकंदांनी काउंटर शून्य ओलांडतो, टेबलावर बसल्या बसल्या. पाणी_वेळ टेस्टसाठी २० सेकंद करा आणि सिक्वेन्स त्या टोकावरून जाऊ द्या. माझं मत विचाराल तर ही ओळ टेस्ट झाल्यावर काढूच नका, विकायच्या कोडमध्ये पण राहू द्या. मग बग असला तर पहिल्याच मिनिटात दिसेल.

टिक खरंच १ मिलिसेकंदाची आहे का हे बघायला इंटरप्टमध्ये एक पिन उलटीपालटी करा आणि स्कोप लावा, ५०० हर्ट्झ दिसले पाहिजेत. मग ती ओळ काढून टाका.

घड्याळ किती खरं, हे क्रिस्टलवर. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतका चुकणारा) क्रिस्टल दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास चुकतो. एटमेगाचा आतला ऑसिलेटर कारखान्यातून १० टक्के इकडंतिकडं असू शकतो, म्हणजे तासाला ६ मिनिटं. ४५ मिनिटांचं पाणी ४१ मिनिटं गेलं तर बाग काही वाळत नाही, पण पहाटे ५ ला सुरू व्हायला पाहिजे असं असेल तर टिकेच्या भरवशावर राहू नका, डीएस३२३१ सारखा आरटीसी लावा. टायमर अंतर मोजतो, घड्याळाची वेळ आरटीसी सांगतो.

पायरी ७: लाइट गेली तर

बॅटरी नसेल तर टिक, टायमर, अवस्था, सगळं रॅममध्ये होतं ते गेलं. तिसऱ्या प्लॉटची ३० मिनिटं झालेली असताना लाइट गेली आणि आल्यावर कंट्रोलर परत पहिल्या प्लॉटपासून सुरू झाला, की पहिला प्लॉट दोनदा भिजतो आणि चौथ्याची पाळी येतच नाही. म्हणून व्हॉल्व्हचा नंबर आणि उरलेली मिनिटं ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, ठेवा. मिलिसेकंद नको, मिनिटं एका बाइटमध्ये बसतात, आणि एकच बाइट लिहायचा असल्यामुळं चार बाइट लिहिता लिहिता मध्येच लाइट जाऊन अर्धे नवे अर्धे जुने असं होत नाही.

पण दर मिनिटाला त्याच जागी लिहू नका. एटमेगा३२८पी च्या ईईप्रॉमचं आयुष्य १,००,००० वेळा लिहिण्याचं दिलंय. पाणी रोज ८ तास चालत असेल तर दर मिनिटाला म्हणजे दिवसाला ४८० वेळा, २०८ दिवसांत ती जागा संपली. दर ५ मिनिटांनी लिहिलं तर दिवसाला ९६, हजार दिवसांच्या वर. जागा फिरती ठेवली, म्हणजे दर वेळी पुढच्या बाइटवर लिहिलं, तर आयुष्य अजून वाढतं, त्या चिपमध्ये १,०२४ बाइट आहेत आणि आपल्याला तशीही त्यातली थोडीच लागतात. फक्त लाइट आल्यावर शेवटचा बाइट कुठला ते ओळखायची सोय ठेवावी लागते. ५ मिनिटांचा हा टायमर पण वरच्याच स्ट्रक्टमधला, पुन्हा ट्रू करून, आणि व्हॉल्व्ह बदलला की लगेच एकदा वेगळं लिहून घ्यायचं.